पोटखराब्यातले सोबती

आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीलगत ६० फूट लांब आणि १२ फूट रुंद असा एक पट्टा आहे. बिल्डरने तिथे लॉन दिलं होतं, पाणी दिलं नव्हतं. दुसऱ्या उन्हाळ्यात लॉन गेलं. तिसऱ्या उन्हाळ्यात त्याखालची लाल माती उडून गाड्यांवर बसायला लागली. चौथ्या वर्षी बाग समितीच्या बैठकीला मी उशिरा पोचलो आणि तोवर तो पट्टा एकमताने माझ्या गळ्यात पडला होता.

आमचं सूस हे मुळशी तालुक्यातलं गाव. ३० जून २०२१ ला २३ गावं पुणे महापालिकेत आली, त्यात हेही आलं. गाव शहरात गेलं तरी टेकडी जिथल्या तिथे आहे. भिंतीवरून डोकावलं की दिसते: पावसाळ्यात हिरवी, दिवाळीनंतर पिवळी, फेब्रुवारीत कुठे कुठे वणव्याने काळी. पट्ट्यावर सकाळपासून मावळतीपर्यंत ऊन. वर हातभर आणून टाकलेली माती आणि खाली मुरूम.

या विषयातली दोन माणसं माझ्या घरातच आहेत आणि दोघांचं एकमेकांशी पटत नाही. मुलगी लँडस्केपची कामं करते. तिचा मामा, म्हणजे माझा मेहुणा, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाला. तो पाषाणला राहतो, पहाटे टेकडी चढतो आणि उतरताना आमच्याकडे चहाला येतो. भाद्रपदातल्या एका रविवारी दोघांना मी पट्ट्यावर नेऊन उभं केलं. आदल्या वर्षी मुलीनेच लावलेली रानभेंडी तिथे होती. होती म्हणजे, आडवी होती.

रानभेंडी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. भेंडीच्या कुळातली, पण वर्षानुवर्षं टिकणारी. वरची खोडं उन्हाळ्यात वाळली, जळली, तरी जमिनीखालचा बुंधा जिवंत राहतो आणि पावसाला पुन्हा फुटतो. पुरुषभर उंच होते. श्रावण सरता सरता पेल्याएवढी पिवळी फुलं लागतात आणि प्रत्येकाच्या तळाशी गडद किरमिजी डोळा असतो. आमच्याकडची ती फुलं त्या दिवशी चिखलात तोंड खुपसून पडली होती.

"मामा, हसू नकोस," मुलगी म्हणाली.

"हसत नाही गं. खत कुणी घातलं ते सांग."

मी हात वर केला. दोन ट्रॉल्या चांगलं कुजलेलं शेणखत, तेही माझ्या खर्चाने.

"झालं! अगं, मुळशीत राहता तुम्ही. इथे शेंबडं पोरही सांगेल भात का लोळतो ते. आंबेमोहर उंच, काडी नाजूक. त्याला युरिया जास्त झाला की लोंब्या भरायच्या वेळी एक जोराचा पाऊस, आणि अख्खं खाचर आडवं. भाऊजींनी फुलझाडाला खत नाही घातलं, लोळायचं आमंत्रण दिलं."

"म्हणून तर भातवाल्यांनी जात बदलली ना? इंद्रायणी."

"बदलली. वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांचा संकर करून १९८७ मध्ये इंद्रायणी दिली. काडी बुटकी केली, प्रश्न सुटला. पण तो शेतातला मार्ग झाला. खाचरात भाताला भातच शेजारी, सगळे एका उंचीचे, सगळे एकदम पडणार. टेकडीवरची रानभेंडी कुणी बुटकी केलेली नाही. तरी ती उभी असते. का?"

"कारण तिथे माती हलकी आहे."

"ते अर्धं उत्तर. उरलेलं अर्धं तिच्या कमरेला असतं. गवत. चारी बाजूंनी दाटीने कमरेपर्यंत गवत उभं असतं, तिला पडायला जागाच नसते. वर तेच गवत खाली मुळाशी स्पर्धा करतं, म्हणून ती माजत नाही, खोड कणखर राहतं. तू तिला एकटीला आणून मोकळ्यावर उभी केलीस आणि पंचपक्वान्नं वाढलीस."

मुलगी गप्प बसणाऱ्यातली नाही. ती शिकत असताना शिकागोला आतेभावाकडे महिनाभर राहून आली, तेव्हापासून मिलेनियम पार्कमधल्या ल्युरी गार्डनचं नाव आमच्या घरात गणपतीच्या आरतीइतक्या वेळा घेतलं जातं. २००४ मध्ये ती बाग खुली झाली आणि तिची रोपं निवडली पीट औडॉल्फ या डच बागकाराने.

"मी तेच करायला निघाले होते," ती म्हणाली. "तिथल्या प्रेअरीतली फुलझाडं, ती डोक्याच्या वर जाणारी सिल्फियमं वगैरे, एकटी लावली तर अशीच लोळतात. त्यांचे जाणकार काय करतात? आधी बुटक्या गवताचं अंथरूण घालतात, त्यातून फुलं काढतात. पण मामा, ते गवत *निवडतात*. किती फुटांवर, कुठलं, किती उंचीचं. तू म्हणतोस तसं रान वाढू देत नाहीत."

"मी कधी म्हटलं?"

"गेल्या दिवाळीत. इथेच. 'काही लावू नका, टेकडीला येऊ द्या,' असं म्हणालास. मी वर्षभर एक कोपरा तसाच सोडला. ये, दाखवते."

कोपऱ्यात काय आलं होतं ते सांगायला वनस्पतिशास्त्र लागत नव्हतं. गाजर गवत, कमरेइतकं. पुण्याला या पाहुण्याचा मान मोठा आहे, देशात त्याची पहिली ठळक नोंद १९५० च्या दशकात इथलीच. त्याच्या मागे घाणेरीचं एक झुडूप आणि पुढे नारिंगी कॉसमॉस, जो मेक्सिकोतून निघून आता आमच्या टेकड्यांच्या उतारांवर आपलं घर असल्यासारखा फुलतो.

"टेकडी आली नाही," मुलगी म्हणाली. "रस्ता आला."

मामा वाकून गाजर गवत उपटायला लागला. तो असा वाकला की हरला असं समजायचं, पण तोंडाने कबूल करायला त्याला अजून चहाचा एक कप लागतो. पहिली गोष्ट मला इथे पटली: शेजार निवडावा लागतो. शंभर वर्षं हलवली न गेलेली जमीन स्वतःची माणसं स्वतः आणते. जेसीबीने उलथलेली जमीन जो पहिला येईल त्याची.

मग कोण निवडायचं यावर जुंपली. मुलीची पहिली यादी नर्सरीतली होती: पुढे पेंटास, खाली वेडेलिया पसरेल, मध्ये दीपमाळ. "दीपमाळ तरी आपली आहे ना?" मी विचारलं. उंच दांडीवर टप्प्याटप्प्याने नारिंगी गोंडे, देवळापुढच्या दगडी दीपमाळेसारखे. नावावरून मला ती शिवकालीन वाटायची.

"आफ्रिकेतली," मामा म्हणाला. "नाव मराठी, गाव भलतंच. आणि वेडेलियाचं नाव काढू नका. तो सोबती नाही, भाडेकरू आहे. एकदा घुसला की मालकाला काढतो."

"मग हरळी? हरळी तर देवाला चालते."

"देवाला चालते, रानभेंडीला नाही. हरळी धावते. पेरापेराला मूळ धरते, सगळी फट बुजवते. तुला ठोंब करणारं गवत हवं. ठोंब जागेवर राहतो, दोन ठोंबांत वीतभर मोकळी जमीन राहते आणि त्या वीतभर जागेतच सगळी गंमत असते. जूनच्या पहिल्या सरींना तिथून मुसळीची पांढरी फुलं वर येतात, दीपकाडी येते. ठोंब तेव्हा लहान असतात. ते मोठे होईपर्यंत कंदवाल्यांचं काम आटोपलेलं असतं. एका जागेवर दोन पाळ्या."

मोकळी वीत! बागकामाच्या पुस्तकांतून जमीन झाकण्याचं इतकं कौतुक वाचलं आहे की उघडी जमीन म्हणजे आळस असं मला वाटायचं.

गवताचं नाव मात्र शेवटी तिसऱ्याच माणसाने ठरवलं. गावातल्या आजी आमच्या दोन इमारतींना दूध घालतात. कॅन खाली ठेवून त्या भिंतीला टेकून ऐकत होत्या. हा तुकडा एके काळी त्यांच्या सासऱ्यांच्या सातबाऱ्यावरचा पोटखराबा होता. पोटखराबा म्हणजे पिकाला नालायक म्हणून आकारणीतून वगळलेला भाग.

"आवं, हितं गवतच व्हतं," आजी म्हणाल्या. "पवना, कुसळी, वरल्या अंगाला तिखाडी. पिकाला नालायक असंल, म्हशीला न्हाई."

"आजी, यातलं कुठलं लावू?" मुलीने विचारलं.

"कुसळी फुलायच्या आत कापली तर ग्वाड. एकदा कुसळं धरली की जनावराच्या तोंडात रुतत्यात. तिखाडीला म्हस तोंड लावत न्हाई, वास मारतो तिचा. पवना कवाबी टाका, मान वर करत न्हाई."

म्हशीचा निकष बागेला लावावा का, असा प्रश्न मुलीच्या चेहऱ्यावर दिसला. पण मामा एकेक नाव उलगडत गेला तसा निकष बरोबर लागू पडला. तिखाडी, म्हणजे रोशा गवत, जिच्या तेलाचा खानदेशात मोठा व्यापार होता, ती रानभेंडीच्या डोक्याला डोकं लावते. बारा फुटांच्या पट्ट्यात ती सोबतीण न राहता सवत होईल. मारवेल चांगलं, राहुरीच्या कृषी विद्यापीठाने त्याचे सुधारित वाणही दिलेत, पण ते चाऱ्यासाठी दाट होणारं, आणि खालच्या भारी जमिनीत खुलतं. कुसळी उंचीला अगदी बरोबर, रूप तर विचारूच नका: ऑक्टोबरच्या उन्हात तांबूस-काळ्या शेपट्या एकमेकींत गुंतून वेण्या घातल्यासारख्या. पण तिच्या प्रत्येक बीला भाल्याचं टोक आणि मागे लांब कुसळ. ते कुसळ ओलं झालं की पीळ सोडतं, सुकलं की पुन्हा घेतं आणि त्या फिरण्याने बी मुरमात स्क्रूसारखं उतरतं. मोज्यातही उतरतं.

"पवना," मामा म्हणाला. "ठोंब करतो, मांडीच्या वर फारसा जात नाही, मुरमावर जन्मलेला. सोबत्याची उंची मुख्य झाडाच्या निम्मी हवी. त्याहून कमी असेल तर आधार नाही, जास्त असेल तर ऊन नाही."

"आणि दर चार फुटांवर एक रानभेंडी, त्याहून दाट नको," मुलीने वहीत लिहिलं. "कडेला कोरांटी, ती हिवाळ्यात फुलेल. भिंतीच्या टोकांना धायटी, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये सगळं वाळलेलं असताना लाल फुलं आणि सूर्यपक्षी. मामा, उन्हाळी लावू का मध्येमध्ये? तिच्या मुळांवर गाठी असतात, नत्र मिळेल."

"लाव थोडी. टेकडीवर असतेच ती."

"नत्र नको म्हणून आत्ताच तासभर बाबांना बोललास, आणि आता नत्र देणारं झाड लाव म्हणतोस?"

मामाने टोपी काढून डोकं खाजवलं. "थोडी, असं म्हणालो. ट्रॉलीभर नाही." उत्तर फारसं पक्कं नव्हतं हे त्यालाही कळलं असावं, कारण त्याने लगेच टारफुल्याकडे विषय नेला. सगळेच शेजारी उभं धरायला येत नाहीत. ज्वारीत येणारा टारफुला दिसतो गोजिरवाणा, पण खालून ज्वारीच्या मुळाला चिकटून तिचं रक्त पितो. इंग्लंडात असंच एक चोर झाड कुरणात मुद्दाम पेरतात, म्हणजे गवताचा जोर कमी होऊन फुलांना जागा होते. "चोरालाही कामाला लावलंय लेकांनी," तो म्हणाला. आमच्या पट्ट्यात चोर न आणण्यावर दोघांचं एकमत झालं.

चहा वर आणला तोवर मामा मूळ दुखण्यावर आला होता. त्याचं दुखणं हे की आपण गवताळ जमिनीला जमीनच मानत नाही. सरकारी दप्तरात ती पडीक, आमच्या तोंडी माळ, उजाड, ओसाड. मग कुणीतरी चर खणतं, गिरिपुष्पाच्या रांगा लावतं आणि खाली ना कुसळी उरते ना कंद. "अमेरिकेत नांगरून संपवल्यावर डोळे उघडले. उंच गवताच्या प्रेअरीतले शंभरातले चार भाग उरले असतील नसतील. १९३० च्या दशकात विस्कॉन्सिन विद्यापीठाने मॅडिसनला पडीक शेतावर ती पुन्हा रुजवायला घेतली, आल्डो लिओपोल्ड होता त्यात. आपल्याकडे अजून सगळी संपलेली नाही. आणि हे माळ जंगल तोडून झाले असं जे सांगतात ना, त्यांनी आपलीच जुनी पुस्तकं वाचावीत. २०२५ मध्ये आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी तेराव्या शतकापासूनच्या मराठी ओव्या, कथा, चरित्रं चाळून त्यातली रानझाडं मोजली. ४४ जाती सापडल्या आणि जवळजवळ दोन तृतीयांश माळाच्या. हिवर, तरटी, बाभूळ. देवांनी गुरं चारली ती गवतात, गर्द राईत नाही."

"मामा, सोसायटीच्या सभेत तेरावं शतक सांगून चालणार नाही. तिथे काका-काकू विचारणार: साप येईल का, आणि हे वाळल्यावर कसं दिसेल?"

याला मामाकडे उत्तर नव्हतं, तिच्याकडे होतं. पुढच्या बाजूला दोन फूट रुंद पट्टी कायम कापलेली ठेवायची. सरळ रेषेत. मागचं गवत तेच, पण पुढे कापलेली कड असली की बघणाऱ्याला कळतं की हे कुणीतरी राखलंय, माजलेलं नाही. चालणाऱ्याचा पाय आणि मुलांचा चेंडू गवतात जात नाही, सापाची भीतीही निम्मी होते. मला ही युक्ती आधी दिखाऊ वाटली. आता वाटतं, देशी झाडांच्या नावाने केलेल्या कितीतरी बागा पुढची दोन फूट कापली नाही म्हणून पहिल्याच दिवाळीत साफ झाल्या असतील.

एका मुद्द्यावर मात्र तिची शिकागो तिच्या अंगाशी आली. वाळलेली झाडं हिवाळाभर उभी ठेवायची, असं तिने लिहिलं होतं. औडॉल्फच्या बागांत ती दहिवरात आणि बर्फात सुंदर दिसतात, बिया पाखरांना मिळतात.

"त्यांच्याकडे बर्फ पडतो," मामा म्हणाला. "आपल्याकडे फेब्रुवारीत विडी पडते."

टेकडीकडे हात करायची गरज नव्हती. तिने 'हिवाळाभर' खोडलं आणि लिहिलं: बी झडल्यावर, कार्तिकात कापणी. चारा आजींना.

पुढच्या मे महिन्यात आम्ही वरची हातभर माती खरवडून काढली. ती कुंड्यांसाठी घरोघरी गेली, माझं शेणखत धरून. रानभेंडीच्या अकरा बुंध्यांना धक्का न लावता भोवती मुरूम उघडा केला. मृगाच्या पावसात आजींच्या बांधावरून पवन्याचे ठोंब आणले, फोडून फूट-फूट अंतरावर लावले. टेकडीवरून काही उपटलं नाही. ती सर्वांची आहे आणि तिला कुंड्यांची हौस नाही. पहिला महिनाभर एक दिवसाआड तण काढलं. सोसायटीतल्या एकाने विचारलं, "गवत काढून गवतच लावलंत का?" मी हो म्हटलं.

ज्यांच्याकडे असा उन्हातला पट्टा आहे त्यांना एवढंच सांगेन की फुलझाड आणायच्या आधी त्याचा शेजारी आणा आणि खताची ट्रॉली परत पाठवा.

हे लिहितो आहे तेव्हा पुन्हा भाद्रपद आहे. काल रात्री दीड तास पाऊस झाला, वाऱ्यासह. सकाळी जाऊन मोजलं. अकरापैकी नऊ रानभेंड्या उभ्या आहेत, पवन्यात कमरेपर्यंत. ज्या दोन आडव्या झाल्या त्या नळाजवळच्या कोपऱ्यातल्या, जिथली माती खरवडायची राहून गेली होती.